माळ कुणाचा? 'स्थानिक' या शब्दाची चिकित्सा

(धाराशिव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मागं बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. या विषयाच्या मास्तराला एक खोड असते. एखादा शब्द सगळेच अगदी बिनदिक्कत वापरायला लागले, की त्याला संशय येतो. आज मी असाच एक शब्द घेऊन आलोय, 'स्थानिक'. स्थानिकांना प्राधान्य, स्थानिकांचा हक्क, बाहेरच्यांची घुसखोरी, हे आपण रोज वाचतो, बोलतो. माझं म्हणणं असं नाही की हा शब्द खोटा आहे. त्यात काही खरं आहे आणि काही चोरटं आहे, आणि ते दोन्ही वेगळं करून बघायला हवं.

सुरुवात वाघापासून करू. २०२४ च्या डिसेंबरात आपल्या येडशी-रामलिंग घाटाच्या अभयारण्यात वाघ दिसला. जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं आपलं अभयारण्य, १९९७ साली जाहीर झालेलं. तिथं वाघ! तो निघाला यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा. शेकडो किलोमीटर चालत, रस्ते, रेल्वे, उसाचे फड ओलांडत आलेला. पुढं बार्शीकडं जनावरं मारली गेली, लोक घाबरले, वन विभागानं त्याला पकडायची मोहीम काढली.

त्या दिवसांत मी सकाळी चहाला जायचो तिथं दोन वाक्यं ऐकली. एकजण म्हणाला, "आपल्याकडं वाघ आला राव!" शेजारचा म्हणाला, "तो बाहेरचा आहे, त्याला तिकडं नेऊन सोडा." दोघंही खरं बोलत होते. पण मला प्रश्न पडला की रामलिंगच्या रानात 'बाहेरचा' कोण हे ठरवायचं कशावरून? वाघाला तर आधार कार्ड नाही. आणि ज्या माणसांना ते अलीकडेपर्यंत नव्हतं, किंवा असून त्यावर धड पत्ता नव्हता, त्यांचं काय?

हा प्रश्न आधी जरा लांबच्या देशात नेतो. कारण तिथं तो कोर्टात फार स्वच्छ मांडला गेलाय. मग परत आपल्या गायरानावर येऊ.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत जमिनीचा मोठा वाटा केंद्र सरकारचा आहे. वायोमिंग नावाच्या राज्यात तर जवळपास निम्मी जमीन केंद्राची. म्हणजे ती सगळ्या अमेरिकनांची. न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्याची जेवढी, तेवढीच वायोमिंगच्या गुराख्याची. पण त्या जमिनीवर फिरणारं जनावर मात्र राज्य सरकारच्या अखत्यारीत. शिकारीचा परवाना राज्य देतं. आणि जवळजवळ प्रत्येक राज्य तिथल्या रहिवाशाला परवाना स्वस्तात देतं, बाहेरच्याला महाग देतं, किंवा बाहेरच्यांसाठी मोजकेच परवाने राखून ठेवतं. आता बाहेरचा शिकारी म्हणतो, "जमीन माझीही आहे, माझ्या करातून तिची निगा राखली जाते, मग मलाच का वेगळा न्याय?"

हा वाद १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. खटला माँटाना राज्याचा, 'बाल्डविन' या नावानं ओळखला जातो. एल्क नावाचं एक मोठं हरीण असतं, आपल्या सांबरासारखं. १९७६ साली माँटानाच्या रहिवाशाला एल्कच्या शिकारीचा परवाना नऊ डॉलरला मिळायचा. बाहेरच्याला एल्क मारायचं तर इतर जनावरांसकट एकत्र परवाना घ्यावा लागायचा, त्याचे दोनशे पंचवीस डॉलर. तसाच एकत्र परवाना रहिवाशाला तीस डॉलरला. न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की यात घटनाभंग नाही.

हा निकाल आपण एखादं पुस्तक वाचावं तसा वाचू. त्याचा निष्कर्ष काय यापेक्षा त्यातली कारणं काय, हे बघू. स्थानिकांच्या बाजूनं जे बोललं जातं ते तीन प्रकारचं असतं, आणि हे तिन्ही प्रकार आपल्याकडंही जसेच्या तसे ऐकू येतात.

पहिला युक्तिवाद मालकीचा. 'जनावर आमचं आहे.' अमेरिकेत १८९६ साली न्यायालयानं हे मान्य केलं होतं, की रानटी जनावर त्या राज्यातल्या जनतेच्या मालकीचं. पण १९७९ साली, म्हणजे बाल्डविनच्या निकालानंतर वर्षभरातच, त्याच न्यायालयानं तो जुना सिद्धान्त मोडीत काढला. राज्य जनावराची राखण करू शकतं, त्यासाठी नियम करू शकतं, पण रानातल्या हरणाचं मालक होऊ शकत नाही. सरळ गोष्ट आहे हो. जे हरीण आज इकडं चरतं आणि उद्या सीमा ओलांडून पलीकडं जातं, ते रात्रीतून मालक बदलतं की काय? आपला वाघ टिपेश्वरला असताना यवतमाळचा आणि येडशीला आला की धाराशिवचा? मालकीचा युक्तिवाद इथं टिकत नाही.

दुसरा युक्तिवाद भाराचा. हा मात्र वजनदार आहे आणि त्याची टिंगल करणं मला पटत नाही. रानाच्या कडेला राहणारा माणूस त्या रानाची किंमत मोजत असतो. आपल्याकडं बघा. रानडुकरं एका रात्रीत भुईमुगाचा पट्टा उकरून टाकतात. काळविटांचा कळप हरभऱ्यात शिरला की काय राहतं? पुण्या-मुंबईचा माणूस शनिवारी येऊन त्याच काळविटाचा फोटो काढून जातो, तेव्हा शेतकरी म्हणतो, "तुमचा फोटो आणि आमचा हरभरा." त्याच्या या बोलण्यात न्यायाची एक खरी कल्पना आहे, की जो भार उचलतो त्याला लाभात पुढचं स्थान हवं.

पण हा युक्तिवाद नीट पाळायचा तर शेवटपर्यंत पाळावा लागतो. भार कोण उचलतो हे बघायचं ठरलं, तर पत्ता बघून चालत नाही. अमेरिकेत १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांना वाटला जातो. म्हणजे बाहेरच्या शिकाऱ्यानंही काही भार उचललेला आहे. उलट राज्याच्या राजधानीत वातानुकूलित खोलीत बसणारा, ज्यानं एकही कुंपण दुरुस्त केलं नाही, तोही तेव्हा तिथं 'रहिवासी' म्हणून नऊ डॉलरच द्यायचा. तेव्हा भाराचा युक्तिवाद 'स्थानिक' या शब्दाला आधार देतो खरा, पण त्याच वेळी त्याला कापतोही.

तिसरा युक्तिवाद मर्यादेचा. साधन थोडं, घेणारे फार. सगळ्यांना मुभा दिली तर काही उरणार नाही. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाचं उदाहरण घेऊन हा विचार जगभर पोचवला. त्याला उत्तर दिलं एलिनॉर ऑस्ट्रम या बाईंनी. त्यांनी जगभरातली कुरणं, मासेमारीच्या जागा, पाटाचं पाणी यांचा अभ्यास केला. १९९० साली त्यांचं पुस्तक आलं, २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं की लोक सामाईक साधन शतकानुशतकं नीट सांभाळतात, पण काही अटी असतात. पहिली अट अशी की वापरणारे कोण आणि साधनाची हद्द कुठली, हे स्पष्ट हवं.

म्हणजे ऑस्ट्रमबाई स्थानिकांच्या बाजूनं उभ्या राहिल्या का? लोक इथंच थांबतात आणि पुस्तक मिटतात. पुढं वाचा. त्यांच्या पुढच्या अटींमध्ये आहे की लाभ आणि झीज यांचं प्रमाण जुळलं पाहिजे, आणि ज्यांच्यावर नियम लागू होतात त्यातल्या बहुतेकांना ते नियम बदलण्याच्या प्रक्रियेत भाग घेता आला पाहिजे. हद्द आखावी, पण ती कोण आखतो आणि आखताना कुणाला विचारतो, हा प्रश्न हद्दीइतकाच महत्त्वाचा.

आता बाल्डविनच्या निकालातला कळीचा मुद्दा. न्यायालय म्हणालं की एल्कची शिकार ही बाहेरच्यांसाठी करमणूक आहे, खेळ आहे. ते त्यांच्या उपजीविकेचं साधन नाही. म्हणून तो मूलभूत हक्क नाही, आणि राज्यानं भेद केला तरी चालतो. इथं मला हा निकाल आवडतो, कारण त्यात एक कसोटी आहे. त्याच न्यायालयानं १९४८ साली साउथ कॅरोलायना राज्याचा एक कायदा रद्द केला होता. कोळंबी धरणाऱ्या होडीला तिथल्या रहिवाशासाठी फी पंचवीस डॉलर आणि बाहेरच्यासाठी अडीच हजार. ते चालणार नाही असं सांगितलं, कारण तिथं प्रश्न पोटाचा होता. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की न्याय असा दिसतो: खेळासाठी आलेल्या बाहेरच्याला मागं बसवा, हरकत नाही. पोटासाठी आलेल्याला मात्र नुसतं बाहेरचा म्हणून हाकलता येणार नाही.

आणि लोभ कसा शिरतो तेही बघा. वायोमिंगमध्ये कायदा आहे की केंद्राच्या राखीव वन्यप्रदेशात बाहेरच्यानं मोठ्या जनावराची शिकार करायची तर सोबत परवानाधारक वाटाड्या किंवा तिथला रहिवासी हवा. कारण काय, तर सुरक्षितता. पण तोच बाहेरचा माणूस त्याच डोंगरात बंदूक न घेता आठ दिवस एकटा भटकला तर वाटाड्या लागत नाही! अस्वल काय बंदूक बघून येतं का? इथं 'सुरक्षितता' हे नाव आहे, आणि आत वाटाड्यांचा धंदा आहे. स्थानिकतेच्या नावावर होणारी प्रत्येक मागणी अशी उलटून बघावी लागते.

ही कसोटी घेऊन आता घरी येऊ.

आपल्याकडं शिकारीचा इतिहास काय सांगतो? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात शिकार पूर्ण बंद नव्हती. परवान्यांची व्यवस्था होती. मोठ्या शिकारीचा परवाना, लहान शिकारीचा परवाना, अशी वर्गवारी होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती व्यवस्था गेली आणि बंदी सरसकट झाली. आता विचार करा. परवान्याला काय लागतं? अर्ज, फी, ओळख, पत्ता. बंदूकवाल्या हौशी माणसाकडं हे सगळं होतं. फासे लावून तितर, लाव्हे, ससे धरणाऱ्या फासेपारध्याकडं यातलं काय होतं? १८७१ च्या कायद्यानं भटक्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारायला सुरुवात झाली. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण पोलीस पाटलाच्या नजरेतला शिक्का काही पुसला गेला नाही.

म्हणजे अमेरिकन न्यायालयाची कसोटी आपण उलटी लावली. हौसेला परवाना दिला आणि पोटाला गुन्हा ठरवलं. पुढं हौसही बंद झाली, ठीक झालं. मी शिकार परत सुरू करा असं म्हणत नाहीये, गैरसमज नको. काळवीट, माळढोक यांची आज जी अवस्था आहे, त्यात बंदी हवीच. पण बंदी सगळ्यांना सारखी म्हणून ती न्याय्य, हे मला मान्य नाही. साहेबाचा रविवारचा छंद गेला, तो टेनिस खेळायला लागला. पारध्याची भाकरी गेली. दोघांवर नियम एकच, पण दोघांचं नुकसान एक नाही. समाजाच्या भल्यासाठी कुणाची उपजीविका काढून घेतली, तर समाज त्याचं देणं लागतो. ते देणं आपण दिलं का? पारध्यांच्या पालांना गायरानातूनही उठवलं जातं, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

२००६ चा वनहक्क कायदा बघा. मला तो मोठ्या मनाचा कायदा वाटतो. त्याच्या कलम ३ मध्ये चराईचा हक्क मान्य करताना स्थायिक आणि फिरस्ते दोघांचा उल्लेख आहे, भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा उल्लेख आहे. आणि त्याच कलमात पारंपरिक हक्कांची यादी संपताना स्पष्ट लिहिलंय की शिकारीचा पारंपरिक हक्क यातून वगळला आहे. हे वगळणं मी समजू शकतो. पण गंमत पुढं आहे. जे अनुसूचित जमातीत नाहीत त्यांनी हक्क मागायचा तर काय दाखवायचं? १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षं, प्रामुख्यानं त्या वनात वास्तव्य. आता धनगर हा समाज आपल्या राज्यात भटक्या जमातींत मोडतो, अनुसूचित जमातीत नाही. त्याला एका हातानं सांगितलं, 'तू फिरतोस म्हणून तुझा हंगामी हक्क मान्य', आणि दुसऱ्या हातानं विचारलं, 'पंच्याहत्तर वर्षं एका जागी राहिल्याचा पुरावा आण.' फिरणं हाच ज्याचा रहिवास, त्यानं काय आणावं?

आणि आता आपलं गायरान. गायरान म्हणजे वनजमीन नव्हे, ती महसुलाची सरकारी जमीन, गावाच्या गुरांसाठी राखलेली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २३. त्याचा आशय असा की मोफत चराईच्या जमिनीवर चराईचा हक्क ज्या गावाची ती जमीन आहे, त्या गावाच्या गुरांपुरताच राहील. आणि हक्काबद्दल वाद झाला तर जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय अंतिम. माँटाना तरी बरं. तिथं बाहेरच्याला महाग का होईना, परवाना मिळतो. इथं त्याला दारच नाही.

शिवाय 'गावाची गुरं' हे शब्द नीट ऐका. गावात ज्याच्याकडं गुरंच नाहीत त्याचं काय? आपल्या मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी गायरानं कसायला घेतली, त्यासाठी मार खाल्ला, कोर्टकचेऱ्या केल्या. बीडकडं एकनाथ आवाडांनी त्यासाठी आयुष्य घातलं. १९९१ साली शासन निर्णय निघाला, १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या अतिक्रमणांचा विचार झाला. ती माणसं काही बाहेरची नव्हती. गावातच जन्मलेली, गावकुसाबाहेर का होईना. तरी गायरानाच्या बाबतीत गाव म्हणजे ते नव्हते. म्हणजे 'स्थानिक' या शब्दाच्या आतसुद्धा एक भिंत आहे. बाहेरच्याला दाखवताना आपण सगळे एक असतो, वाटणीच्या वेळी गाव चार-पाच घरांचं होतं.

आता एक गोष्ट सांगतो. पूर्वी कधी जाहीर बोललो नाही.

१९७२ चा दुष्काळ. मी औरंगाबादला एम.ए. करत होतो. सुट्टीत गावी आलो, कळंब तालुक्यात. आमच्या माळावर दरवर्षी दिवाळीनंतर धनगरांचा वाडा उतरायचा, सांगोल्याकडचा. चांगल्या वर्षी लोक त्यांची वाट बघायचे. रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी द्यायचे. त्या साली मात्र माळावर कुसळ नव्हतं. गाव म्हणालं, यांना हाकला. आणि गावात लिहिता येणारा, कायद्याची भाषा जमणारा पोरगा एकच होता. अर्ज मी लिहिला. 'परगावच्या इसमांनी आमच्या गावच्या गायरानावर बेकायदेशीर चराई चालवली आहे', वगैरे. छान अर्ज होता. मला अभिमान वाटला होता.

दोन दिवसांत वाडा उठला. निघताना त्यांच्यातला एक म्हातारा आमच्या दारात आला. भांडायला नाही, पाणी मागायला. पाणी पिऊन म्हणाला, "मालक, त्यो कागद तुमीच लिव्हला का?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "आमाला इचारलं असतं तर आमीच दोन कळप म्होरं काढलं असतं. एक ऱ्हायला असता." एवढंच. गेला.

आणि त्याच महिन्यात आमची दोन बैलं नि एक गाय वडिलांनी मामाच्या गावी पाठवली, गोदाकाठाला. तिथल्या गायरानावर ती चार महिने चरली. तिथं कुणी अर्ज केला नाही. का? तर ती भाच्याची गुरं. कलम २३ तिथंही होतंच की. पण ज्याचा मामा गावात असतो तो बाहेरचा नसतो. ज्याचा कुणीच नसतो, तोच बाहेरचा.

पुढं मी कांट शिकवला, रॉल्स शिकवला, त्यावर प्रबंध लिहिला. पण त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यातलं तत्त्व मला फार उशिरा कळलं. तो काय म्हणत होता? त्यानं मर्यादा नाकारली नव्हती. दुष्काळ आहे, गवत नाही, सगळे कळप मावणार नाहीत, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्याची तक्रार एवढीच होती की विचारलं नाही. बाहेरच्याला कमी वाटा देणं अन्याय असेलच असं नाही. त्याला वाटाघाटीतूनच बाद करणं हा अन्याय.

कांटनं १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात एक बारीक भेद केलाय. परक्याला पाहुणा म्हणून कायम ठेवून घ्या, असा हक्क तो मागू शकत नाही. पण येण्याचा, आल्यावर शत्रूसारखं न वागवलं जाण्याचा हक्क त्याला आहे. कारण पृथ्वी गोल आहे, जागा मर्यादित आहे, आणि मुळात कुठल्याही जागेवर एकाचा हक्क दुसऱ्यापेक्षा जास्त नव्हता. आपण आधी आलो, एवढंच.

यावर तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, "सर, हे व्याख्यानात ठीक आहे. गावात राहून बघा." मान्य. हा आक्षेप मी हलका समजत नाही. एकदा दार उघडलं की बलदंड माणसं शिरतात. पोटासाठी आलेल्या धनगराच्या नावावर उद्या कुणी शंभर म्हशींचा ठेकेदार घुसेल. सीमा नसेल तर गरीब गावच आधी मरतं. म्हणून सीमा हवी, हे मी ऑस्ट्रमबाईंबरोबर मानतो. पण सीमेवर पत्ता विचारू नका. तीन गोष्टी विचारा. आलेल्याची गरज पोटाची की हौसेची? या रानाचा भार कुणी किती उचलला, आणि आलेला काही देतो का, खत, फी, श्रम, राखण? आणि नियम करताना त्याला बोलायला जागा होती का? पोटाची गरज, भारात वाटा, आणि बोलण्याची जागा. या तीन प्रश्नांनी गावातला हौशी मागं जाईल आणि परगावचा गरजू पुढं येईल. गावातला गरजू तर सगळ्यांत पुढं राहील, कारण त्याची गरजही आहे आणि भारही तोच उचलतो. म्हणजे स्थानिकाचं यात काही बुडत नाही. बुडतं ते फक्त नुसत्या पत्त्याचं भांडवल.

हे कायद्यात कसं आणायचं? कलम २३ मध्ये 'गावाची गुरं' यापुढं हंगामी फिरस्त्यांच्या चराईला जागा ठेवता येईल. दिवस ठरवा, कळपाचा आकार ठरवा, रास्त फी ठरवा. आणि ते ठरवताना ग्रामसभेत त्यांचा माणूस बसवा. टंचाईत ही मुभा कमी होईल, पण कमी करताना त्याला विचारून. यात क्रांतिकारक काही नाही. दिवाळीनंतर ज्वारी देऊन मेंढरं बसवून घेणारे आमचे आजोबा हेच करत होते, फक्त कागद नव्हता.

शेवटी एकच सांगतो. आपण मराठवाड्याची माणसं या शब्दाचा मार खाल्लेली आहोत. वैद्यकीय प्रवेशात सत्तर-तीसचं सूत्र होतं. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. आपल्याकडं महाविद्यालयं कमी, म्हणून आपल्या लेकरांना जास्त गुण असून प्रवेश मिळत नव्हता. तेव्हा आपण काय म्हणालो? की महाविद्यालय सरकारचं, कर सगळ्यांचा, मग पत्ता बघून भेद कशाला? बरोबरच म्हणालो. २०२० च्या सप्टेंबरात ते सूत्र रद्द झालं, आपण पेढे वाटले. आणि दर दिवाळीला आपल्या जिल्ह्यातून कोयता घेऊन निघणारी कुटुंबं पश्चिमेकडं उसाच्या फडात जातात, तिथं त्यांना गावाच्या हापशावर पाणी भरताना काय ऐकावं लागतं, ते त्यांच्यापैकी कुणाला तरी विचारा.

जो युक्तिवाद आपण मुंबईत बसलेल्या सरकारपुढं केला, तो आपल्या माळावर उतरलेल्या माणसासाठी आपल्याला आठवत नाही. माझा सगळा आक्षेप एवढाच आहे. 'स्थानिक' हा शब्द टाकून देऊ नका. पण तो उच्चारण्याआधी एकदा स्वतःला दुसऱ्याच्या गावात उभं करून बघा.

तो म्हातारा आता नसेल. वाडा पुढं कुठं गेला, मला माहीत नाही. तो अर्ज मी आज लिहिला असता तर शेवटी एक ओळ वाढवली असती, की निर्णयापूर्वी त्यांनाही बोलावण्यात यावं. एका ओळीनं गवत वाढलं नसतं. पण एक कळप राहिला असता.

थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर विचारा, आणि या गावचे नसाल तरी विचारा.